सॉफ्टवेअरमध्ये जायचंय : आधी कॉलेज की आधी कंपनी?

यवतमाळ असो, वाशिम असो की गोंदिया, मे-जून महिन्यात बारावीच्या पोरांच्या मोबाइलवर एक मजकूर हमखास फिरतो : 'बारावीनंतर थेट आयटी कंपनीत, पगार घेत घेत पदवी.' त्याच दिवसांत खासगी कॉलेजांची माणसं घरी येऊन बसतात आणि इंजिनीअरिंग केल्याशिवाय सॉफ्टवेअरमध्ये कोणी विचारत नाही असं सांगतात. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे आणि बरंचसं सोडून दिलेलं आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करून या क्षेत्रात आलो आणि आता गावाकडच्या पोरापोरींना फॉर्म भरायला, कागद वाचायला मदत करतो. घरात याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नसेल, त्या घरासाठी हे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ताडून पाहता येईल. कामासोबत पदवी ही वाट चांगली आहे, पण एका अटीवर. उद्या कंपनीनं काढलं किंवा तुम्हीच सोडलं, तरी तोवर झालेलं शिक्षण तुमच्या नावावर राहिलं पाहिजे. म्हणून पगाराचा आकडा शेवटी बघा, पदवीचा कागद आधी.

पायरी १ : समोर नेमकं काय ठेवलंय ते ओळखा

इंटरनेटवर 'डिग्री अप्रेंटिसशिप' शोधलं की बरीचशी माहिती इंग्लंडची निघते. तिथं ही पद्धत २०१५ मध्ये सुरू झाली. उमेदवार पहिल्या दिवसापासून कंपनीचा पगारी माणूस असतो, कामाच्या वेळेतला ठरावीक भाग शिक्षणासाठी राखलेला असतो आणि विद्यापीठाची फी कंपनी व सरकार भरतात. मोठ्या कंपन्यांकडून त्यासाठी २०१७ पासून वेगळी वसुलीच होते. उमेदवाराला फीचा एक पैसा पडत नाही. ते व्हिडिओ बघून आपल्याकडेही तसंच असेल असं धरून चालू नका. आपल्याकडे एकाच जाहिरातीच्या भाषेत चार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, विद्यापीठाची पदवी आणि तिच्यातच शिकाऊ उमेदवारी. विद्यापीठ अनुदान आयोगानं यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रं उद्योगात काढायची, त्याचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, पदवीत धरले जातात आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. प्रवेश कॉलेजात असतो, पदवी विद्यापीठाची असते. कंपनीशी बिनसलं तरी तुम्ही विद्यार्थी म्हणून शिल्लक राहता. या चारांत मला हीच सगळ्यांत भरवशाची वाटते, पण सगळ्या कॉलेजांत ती नाही. म्हणून प्राचार्यांच्या कार्यालयात जाऊन स्पष्ट विचारा.

दुसरी, कंपनीनं स्वतः चालवलेला बारावीनंतरचा कार्यक्रम. एचसीएल या आयटी कंपनीचा 'टेकबी' आपल्याकडे जास्त ऐकू येतो, कारण नागपूरच्या मिहान या उद्योग परिसरात त्यांचं मोठं केंद्र आहे. आधी प्रशिक्षण, मग नोकरी आणि नोकरीसोबत बिट्स पिलानी, 'शास्त्र' (SASTRA) यांसारख्या विद्यापीठांची पदवी, अशी त्याची रचना आहे. बारावीला गणित नसेल तर त्यातल्या आयटी अभियंत्याच्या वाटेचा विचार सोडा. तमिळनाडूत झोहो कंपनी दोन वर्षांची शाळा चालवते. तिथं फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं आणि शिकवणं उत्तम आहे. मात्र त्यातून विद्यापीठाची पदवी मिळत नाही. घरच्यांना हे आधी सांगा.

तिसरी, पदवी किंवा पदविका झाल्यावरची शिकाऊ उमेदवारी. ही केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत, म्हणजे 'नॅट्स'मध्ये येते. २०१९ च्या नियमांप्रमाणे पदवीधराला महिना किमान ९,००० आणि पदविकाधारकाला ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केंद्रीय शिकाऊ परिषदेनं २०२५ मध्ये केली, तेव्हा करार करताना चालू दर पोर्टलवर बघून घ्या. ही वाट बारावीनंतरची नाही, हे लक्षात असू द्या.

चौथी म्हणजे ज्यांचा पदवीशी काहीच संबंध नाही अशा गोष्टी. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पास उमेदवाराला महिना ६,००० रुपये मिळतात. अनुभव म्हणून ती ठीक आहे, पण ती ठरावीक महिन्यांची आहे आणि तिच्यातून पदवी येत नाही. आणि 'शंभर टक्के प्लेसमेंट' लिहिलेले शहरातले क्लास. त्यांना नोकरी देण्याचा अधिकारच नसतो, नोकरी कंपनी देते.

पायरी २ : कॉलेजला खरोखर किती पैसे लागतील ते काढा

इथं सगळ्यांत जास्त घरं चुकतात. 'इंजिनीअरिंगला लाख-सव्वा लाख फी, आपल्यानं कुठं होते बाप्पा' असं म्हणून कॉलेजचा विचार तिथंच थांबतो आणि पोरगं मिळेल त्या कंपनीच्या मागं लागतं. जाहीर झालेली फी आणि तुमच्या खिशातून जाणारी फी यांत फार फरक असू शकतो.

प्रत्येक खासगी व्यावसायिक कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. त्यातून महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरची सवलत वजा करा. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशाच्या, फेरीतून प्रवेश झाला आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्म्या रकमेची सवलत आहे. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ती पूर्ण रकमेपर्यंत जाते. त्यांच्या उत्पन्नाच्या अटी वेगळ्या आहेत, त्या त्या योजनेत वाचा. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मोठी गोष्ट झाली. आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. 'पोरीसाठी एवढा खर्च कायले' असं म्हणणाऱ्या आजोबांना हा निर्णय मोबाइलवर काढून दाखवा.

याशिवाय प्रत्येक शाखेत ५ टक्के जागा शिक्षण शुल्क माफीच्या असतात. त्यांचा पर्याय क्रमांक वेगळा असतो, तो पसंतीच्या यादीत मुद्दाम टाकावा लागतो. आपली पोरं तो टाकतच नाहीत.

फी मिटली तरी राहणं-खाणं उरतं आणि खेड्यातल्या घराला खरं तेच जड जातं. वसतिगृहाचे अर्ज वेळेत भरा. जागा मिळाली नाही तर निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत : अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख योजना, अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी आणि भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. पैसे उशिरा येतात. पहिल्या वर्षाचे निदान सहा महिने हातच्या पैशांवर काढायची तयारी ठेवा.

हे सगळं कागदांवर चालतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रिमीलेअर आणि सर्वांत वेळ खाणारं जात पडताळणी प्रमाणपत्र. पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका. निकाल लागल्यावर सेतू केंद्रासमोर रांगेत उभं राहून ते काम होत नाही. आणि एक गोष्ट ठाम सांगतो : मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांवर, घेतलेल्या प्रवेशाला यातल्या बहुतेक फी सवलती लागू होत नाहीत. दलालाच्या हातून 'पक्की सीट' घेण्याआधी हे दोनदा वाचा.

पायरी ३ : कंपनीला लेखी विचारा

आपण बियाण्याची पिशवी घेताना लेबल वाचतो आणि पावती जपून ठेवतो. पोराची तीन-चार वर्षं देताना त्याहून कमी सावध राहण्याचं कारण नाही. ईमेलनं विचारा, उत्तर ईमेलनंच मागा.

पदवी कोणतं विद्यापीठ देणार आणि ती कोणती? बी.एस्सी., बी.सी.ए., की नुसतं 'प्रमाणपत्र'? विद्यापीठाचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का हे स्वतः बघा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी असेल तर त्या अभ्यासक्रमाला आयोगाच्याच दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते. दूरस्थ पद्धतीनं बी.टेक. देतो असं कोणी म्हणालं तर तिथून उठा, अभियांत्रिकीची पदवी त्या पद्धतीनं देता येत नाही.

फी कोण भरणार? काही कार्यक्रमांत प्रशिक्षणाचं शुल्क उमेदवाराकडून घेतात, बँकेचं कर्ज काढून देतात आणि हप्ता पगारातून कापतात. म्हणजे सुरुवातीला कर्जदार तुम्ही असता. पदवीच्या फीतला कंपनीचा वाटा किती, तोही विचारा.

प्रशिक्षणात नापास झालो तर? पैसे परत मिळतात का, कर्जाचं काय होतं, कोणतं प्रमाणपत्र हातात राहतं? चौकशी करताना बहुतेक पोरं लाजेनं हा प्रश्न टाळतात. मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. आतापर्यंतचे क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी डिजिटल खात्यात तुमच्या नावावर जमा होणार असतील, तर मधेच दुसऱ्या विद्यापीठात जायची शक्यता तरी उरते. होणार नसतील तर कोऱ्या पाटीनं सुरुवात करावी लागते.

काम कोणतं? कोड लिहिणं, सॉफ्टवेअर तपासणं, सर्व्हर सांभाळणं आणि ग्राहकांच्या फोनला उत्तर देणं ही सगळी कामं 'आयटी'तच मोडतात. चौथ्या कामात वाईट काही नाही, पण तीन वर्षं तेच केलं तर प्रोग्रामरची वाट आपोआप उघडत नाही.

बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर भरायची रक्कम, किती? तो 'कागदापुरता' असतो असं सांगणारे पुष्कळ भेटतील. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा रक्कम आणि मुदत वाचूनच सही करा. उमेदवार अठराच्या आतला असेल तर सही पालकांची लागते, म्हणून करार बाबांना मराठीत समजावून सांगा, ओळ न् ओळ. मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवायला देऊ नका.

काम शिकाऊ उमेदवार कायद्याखाली असेल तर एवढं माहीत हवं : १९६१ चा हा कायदा उमेदवाराला कामगार मानत नाही, प्रशिक्षणार्थी मानतो. मुदत संपल्यावर नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असला पाहिजे. तो नोंदलेला नसेल तर त्या काळाचं सरकारी प्रमाणपत्र मिळणार नाही.

पायरी ४ : नागपूरच्या महिन्याचा हिशेब मांडा

समजा हातात १४,००० येतात. तिघांत घेतलेली खोली, खानावळ, मिहानपर्यंतचा प्रवास, मोबाइल आणि गावाकडे येणं-जाणं मिळून ९,००० गेले. प्रशिक्षणाच्या कर्जाचा हप्ता ३,०००. उरले दोन. घरी 'पोरगा आता कमावते' म्हणून अपेक्षा असते, ती या दोन हजारांवर. आकडे तुमचे घाला, पण मांडणी हीच करा आणि ती आईबाबांसमोर बसून करा, म्हणजे पहिल्या दिवाळीला कोणाचं मन दुखावणार नाही.

दुसरा हिशेब वेळेचा. पाळीत आठ-नऊ तास काम, मग खोलीवर येऊन परीक्षेचा अभ्यास. बारावीचा अभ्यास स्वतःचा स्वतः केला असेल, कोणी मागं न लागता, तर हे जमेल. शिकवणीच्या धाकावरच अभ्यास झाला असेल तर कॉलेजची तीन-चार वर्षं सवय लावायला उपयोगी पडतात. यात कमीपणा नाही, सतराव्या वर्षी सगळ्यांना ते जमत नाही.

पायरी ५ : कॉलेज पारखा

इमारत बघू नका. अंतिम वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांना फाटकाबाहेर गाठा आणि विचारा : प्रयोगशाळा प्रत्यक्षात किती वाजेपर्यंत उघडी असते, शिकवणारे वर्षभर टिकतात का, मागच्या वर्षी संगणक शाखेतून किती जण कोणत्या कामावर लागले. प्लेसमेंटच्या फलकावर शाखा लिहिलेली नसेल तर तो आकडा सोडून द्या.

निवड : माझा क्रम

शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक किंवा आयटी शाखा मिळत असेल तर ती घ्या, कंपनीचं पत्र बाजूला ठेवा. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूर इथं ही कॉलेजं आहेत, फी कमी आहे आणि बाकीच्या सवलती वर मिळतात. नागपूरची ट्रिपल आयटी किंवा व्हीएनआयटी ही राष्ट्रीय संस्था मिळाली तर विचारायलाच नको.

दुसरीकडे, समोर फक्त मॅनेजमेंट कोट्यातली महागडी जागा असेल आणि त्यासाठी वावर गहाण टाकायची वेळ येत असेल, तर ती घेऊ नका. त्यापेक्षा वरच्या सगळ्या प्रश्नांची लेखी उत्तरं देणारा कंपनीचा कार्यक्रम कधीही बरा.

या दोहोंच्या मधली वाट मात्र लोक बघतच नाहीत, आणि माझा सगळ्यांत जास्त जीव तिच्यात आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कॉलेजात बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा बी.सी.ए. करा. बी.सी.ए.साठी २०२४ पासून राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) द्यावी लागते, तिचा फॉर्म बारावीच्या परीक्षेच्या सुमारास निघतो आणि तोच बऱ्याच जणांच्या हातून सुटतो. पदवी अमरावती, नागपूर किंवा गोंडवाना विद्यापीठाची, नियमित आणि पूर्णवेळ. खर्च एसटीच्या पासाचा आणि थोड्या फीचा. यानंतर विप्रोच्या 'वर्क इंटिग्रेटेड लर्निंग' कार्यक्रमासारखी दारं उघडतात : बी.सी.ए. किंवा बी.एस्सी. झालेल्यांना नोकरी आणि कंपनीच्या खर्चानं एम.टेक. त्याचा सेवाकरार ६० महिन्यांचा आहे, तो नीट वाचा. पण इथं पहिली पदवी आधीच तुमच्या कपाटात असते. कंपनी सुटली तरी एमपीएससीपासून बँकेपर्यंतचे फॉर्म भरता येतात. कामासोबत पदवी ही योजना पदवीनंतर एक मजला वर चढून घेतली, एवढंच.

या वाटेची उणीवही सांगतो. तालुक्याच्या कॉलेजातलं शिकवणं बहुधा अपुरं पडतं, बाकीचं स्वतः मिळवावं लागतं. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' पाठ मराठीतही आहेत, सी आणि पायथनची सुरुवात त्यांवर होते. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी २०२० पासून आहे. तिला जेईई लागत नाही, पात्रता टप्पा पार करावा लागतो, परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर होतात आणि कमी उत्पन्नाच्या घरांना फीत मोठी सूट आहे. एका वेळी दोन पदव्या करायला विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ मध्ये परवानगी दिली आहे, त्यामुळे ती कॉलेजसोबत चालवता येते. जुना लॅपटॉप चालेल, मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकायचा आग्रह धरू नका. गावात दुपारी वीज नसते हे धरून पाठ आधीच उतरवून ठेवा. आणि दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे ६० टक्के टिकवा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या अर्जाची पहिली चाळणी तिथंच लागते.

दहावीनंतरच ठरलं असेल तर पॉलिटेक्निकची तीन वर्षांची पदविका आणि मग बी.ई.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हीदेखील खेड्यातल्या पोरांना झेपणारी वाट आहे. मधे गरज पडली तर पदविकेवर शिकाऊ उमेदवारी करता येते.

दोन्हीकडून बोलावणं आलं तर

जुलै-ऑगस्टमध्ये कॅपची फेरी आणि कंपनीचं पत्र एकाच आठवड्यात येऊ शकतं. तेव्हा घाईनं कॉलेजची जागा सोडू नका. ती घ्या, फी भरा, कंपनीची लेखी उत्तरं येऊ द्या. ठरवून दिलेल्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर किरकोळ रक्कम कापून बाकी फी परत मिळते, त्यानंतर नाही. ती तारीख सीईटी कक्षाच्या वेळापत्रकात असते. कॉलेजचा बाबू तोंडी सांगेल ती धरू नका. कंपनीत जायचं ठरलंच, तर प्रवेश रद्द झाल्याची पोच आणि मूळ कागदपत्रं दोन्ही हातात आल्यावरच नागपूरची गाडी पकडा.